मुंबईची ग्रंथालये आणि दानधर्माची परंपरा

वाचकहो, मुंबईच्या जुन्या शहरातून एखाद्या सकाळी पायी फेरी मारायची ठरवली, तर ती महात्मा जोतिबा फुले मंडईजवळच्या जामा मशिदीपासून सुरू करा. तेथे अरबी, फारसी आणि उर्दू ग्रंथांचा व हस्तलिखितांचा कुतुबखाना आहे. दक्षिणेकडे थोडे चालले की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर अंजुमन-ए-इस्लामची डौलदार इमारत लागते. तिच्या आवारात करीमी लायब्ररी आहे. दादाभाई नौरोजी मार्गाने पुढे गेल्यावर पेटिट इन्स्टिट्यूटचे वाचनालय, हॉर्निमन सर्कलला टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय, काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी आणि ओव्हल मैदानाच्या कडेला राजाबाई टॉवरखाली मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय. एवढी सहा ग्रंथालये एका सकाळच्या रपेटीत पाहून होतात. त्यांची भाषा निराळी, त्यांना जन्म देणारे समाज निराळे. परंतु एका बाबतीत ती सारी सख्खी भावंडे आहेत. यांपैकी एकही ग्रंथालय नगरपालिकेच्या करातून जन्मलेले नाही. कोणाच्या तरी देणगीतून, कोणाच्या तरी वर्गणीतून ती उभी राहिली.

आपण आपल्या मुलांना शिकवतो तेव्हा शाळेची इमारत, शिक्षक आणि फी यांचा विचार करतो. ग्रंथालय हे आपोआप कोठेतरी असतेच, असे आपण धरून चालतो. ते आपोआप असत नाही. मुंबईसारख्या श्रीमंत शहरातही ते कसे उभे राहिले, कशावर चालले आणि कोठे अडखळले, याचा इतिहास आपल्यासारख्या शिक्षणसंस्था चालवणाऱ्या समाजाला फार उपयोगी आहे. म्हणून हा प्रपंच.

वर्गणीचा काळ

मुंबईच्या या कहाणीचा आरंभ साधारणतः १८०४ पासून मानतात. त्या वर्षी सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन केली. हीच संस्था पुढे एशियाटिक सोसायटी झाली आणि १८३३ साली पूर्ण झालेल्या टाऊन हॉलमध्ये तिच्या ग्रंथांनी कायमचे घर केले. या ग्रंथालयाचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून चाले. परंतु सभासद कोण? सारे युरोपियन. माणेकजी करसेटजी हे पहिले हिंदी सभासद १८४० मध्ये निवडले गेले. म्हणजे स्थापनेनंतर तब्बल ३६ वर्षांनी. वर्गणीवर चालणाऱ्या ग्रंथालयाचा हा पहिला धडा आहे. जो वर्गणी देतो, तोच ठरवतो की दार कोणाला उघडायचे. ज्या समाजाने स्वतःची वर्गणी काढली नाही, तो दाराबाहेर राहिला.

ही गोष्ट मुंबईकरांनी लवकरच ओळखली. १८४७ साली सरकारी टांकसाळीत आणि गोदीत काम करणाऱ्या काही तरुण कारागिरांनी एकत्र येऊन यंत्रांचे नमुने आणि पुस्तके यांचा संग्रह करण्याचे ठरवले. १८५६ मध्ये फोर्टमधील काही पारशी तरुणांनी आपले छोटे वाचनालय काढले. १८९३ मध्ये ठाण्याला आणि १८९८ मध्ये मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालये स्थापन झाली. इंग्रजी पुस्तकांच्या गर्दीत मराठी ग्रंथ जपले जावेत, ही त्यामागची तळमळ होती. यांतील कोणाजवळही प्रारंभी मोठे भांडवल नव्हते. होती ती महिन्याची लहानशी वर्गणी आणि ती गोळा करण्याची चिकाटी.

विद्यार्थी मित्रांनो, हे लक्षात ठेवा की यांतील बहुतेक प्रयत्नांची सुरुवात तुमच्यासारख्या तरुणांनी केली. धनिक मागाहून आले.

धनिकांचा हात

टांकसाळीतल्या त्या कारागिरांचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्या संस्थेला डेव्हिड ससून यांचा आधार मिळाला. हे ससून मूळचे बगदादचे यहुदी. तेथील सुभेदार दाऊद पाशाच्या जुलुमामुळे त्यांना वतन सोडावे लागले आणि १८३० नंतरच्या काळात ते मुंबईत येऊन स्थायिक झाले. त्यांची घरची भाषा अरबी, पेहराव बगदादी. व्यापारात त्यांनी अमाप संपत्ती मिळवली. त्या व्यापारात चीनला जाणारी अफूही होती, हेही इतिहासाने नोंदवले आहे आणि ते आपण झाकून ठेवू नये. काळा घोड्याची पिवळसर मालाड दगडाची इमारत १८७० साली पूर्ण झाली. तिला सुमारे सव्वा लाख रुपये खर्च आला. त्यांपैकी ६० हजार रुपये डेव्हिड ससून यांचे आणि बाकीचे मुंबई सरकारचे. ससून स्वतः १८६४ मध्येच वारले होते. इमारत त्यांना पाहता आली नाही. त्यांचा संगमरवरी पुतळा मात्र आजही प्रवेशद्वाराशी उभा आहे.

येथे तीन हात एकत्र आलेले दिसतात. कल्पना कष्टकऱ्यांची, मोठी रक्कम व्यापाऱ्याची आणि उरलेली भर सरकारची. मुंबईतील यशस्वी ग्रंथालयांचा हाच साचा पुढे कायम झाला. पारशी तरुणांच्या १८५६ च्या वाचनालयालाही पुढे पेटिट घराण्याने आपल्या दिवंगत मुलाच्या, जमशेटजी नसरवानजी पेटिट यांच्या स्मरणार्थ मोठी देणगी दिली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला भव्य वास्तू मिळाली.

दुसरी हकीकत प्रेमचंद रायचंद यांची. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या भरभराटीच्या वर्षांत प्रेमचंद हे मुंबईच्या शेअरबाजाराचे अनभिषिक्त राजे होते. १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि थोड्याच दिवसांत घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव दिले गेले. पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्या लाटेवर स्वार झालेली पेढ्यांमागून पेढी बुडाली. खुद्द प्रेमचंदांची दौलत वाहून गेली. परंतु जे आधीच देऊन टाकले होते, ते वाचले. १८७८ मध्ये ग्रंथालय आणि मनोरा पूर्ण झाले. त्या मनुष्याने जे स्वतःजवळ ठेवले ते गेले आणि जे दिले ते राहिले. आपल्या घरांतून वडीलधारे सदका-ए-जारियाचे महत्त्व सांगत आले आहेत. त्याचे याहून बोलके उदाहरण मुंबईच्या इतिहासात शोधून सापडणार नाही.

आपल्या समाजाचा वाटा

आपल्या समाजाने या काळात काय केले? १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन तय्यबजी, नाखुदा मोहम्मद अली रोघे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. देणग्या मिळवीत, सरकारकडे पाठपुरावा करीत त्यांनी १८९३ मध्ये बोरीबंदरसमोर शाळेची स्वतंत्र इमारत उभी केली. त्याच आवारात पुढे करीमी लायब्ररीसारखा संग्रह जपला गेला. जामा मशिदीच्या ट्रस्टच्या आश्रयाने कुतुबखाना टिकला. या दोन्ही ठिकाणी आजही दुर्मीळ उर्दू आणि फारसी साहित्याचा शोध घेत अभ्यासक येतात.

परंतु सर्वांत मोठा वाटा उचलणारे नाव आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. आसफ अली असगर फैजी यांना लोक मुस्लिम कायद्याचे पंडित म्हणून ओळखतात. १८९९ मध्ये माथेरानला जन्मलेले फैजी हे तय्यबजी घराण्याशी संबंधित. मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य, पुढे इजिप्तमध्ये भारताचे राजदूत, नंतर जम्मू आणि काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू असा त्यांचा प्रवास झाला. १९३९ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई सरकारने ग्रंथालय विकास समिती नेमली, तिचे अध्यक्षपद फैजी यांच्याकडे होते. समितीने १९४० मध्ये अहवाल दिला. मुंबईत एक मध्यवर्ती ग्रंथालय, निरनिराळ्या भाषिक विभागांसाठी विभागीय ग्रंथालये, त्याखाली जिल्हा, त्याखाली तालुका आणि शेवटी गाव, अशी उतरंड तिने सुचविली. महायुद्धामुळे योजना काही वर्षे लांबली. स्वातंत्र्यानंतर तिच्यातील बराचसा भाग अमलात येऊ लागला. आज महाराष्ट्रातील एखाद्या जिल्ह्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयात मूल पुस्तक घेते, तेव्हा त्यामागच्या आखणीत या मुंबईकर मुसलमान विद्वानाचा हात आहे.

फैजींनी आणखी एक दान केले. त्यांनी जमवलेली इस्माइली हस्तलिखिते मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे गेली आणि १९६५ मध्ये विद्यापीठाने त्यांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली. एका जैन व्यापाऱ्याच्या पैशाने ज्या ग्रंथालयाला घर मिळाले, त्याच ग्रंथालयात एका मुसलमान पंडिताचा हस्तलिखितांचा ठेवा सुरक्षित राहिला. दोघांनाही विचारावे लागले नाही की वाचणारा कोणत्या जातीचा असेल.

भिंती दिल्या, तेल कोणी द्यायचे?

येथवरचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे. आता त्याची दुसरी बाजू पाहू.

मुंबईच्या दानशूरांनी मुख्यतः इमारती दिल्या. इमारतीवर नाव कोरता येते, कोनशिला बसवता येते, गव्हर्नरसाहेबांना उद्घाटनाला बोलावता येते. परंतु ग्रंथालयाचा खरा खर्च उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. ग्रंथपालाचा पगार, नवी पुस्तके, नियतकालिके, बांधणी, वाळवीचा बंदोबस्त, दिवाबत्ती, पावसाळ्यापूर्वीची कौलदुरुस्ती. हे सारे दरवर्षी लागते आणि दरवर्षी अधिक लागते. यासाठी कोणी कोनशिला बसवीत नाही. जेथे थोडा कायम निधी ठेवला गेला, तेथेही त्याचे व्याज ठरीव राहिले आणि महागाई वाढत गेली.

आपल्या पूर्वजांनी हे कोडे फार पूर्वी सोडवले होते. ज्या बगदादहून ससून आले, त्याच बगदादमध्ये १२३४ साली खलिफा मुस्तनसिर यांनी मुस्तनसिरिया मदरसा सुरू केला. तेथील ग्रंथालयासाठी एक ग्रंथपाल, त्याच्यावर देखरेख करणारा आणि वाचकांना पुस्तके काढून देणारा, असे नोकर नेमलेले होते आणि मदरशाचा खर्च वक्फच्या उत्पन्नातून भागे. वक्फ म्हणजे मिळकत अल्लाहच्या नावाने बांधून ठेवायची, ती विकायची नाही आणि तिचे उत्पन्न ठरवलेल्या कामाला लावायचे. ग्रंथालयासाठी वक्फ करणारा मनुष्य भिंतींबरोबर दिव्याच्या तेलाची आणि कागद-शाईचीही सोय लावून जाई.

पाश्चात्त्य देशांत अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाने हेच तत्त्व निराळ्या रीतीने वापरले. १९०१ साली त्याने न्यूयॉर्क शहराला शाखा ग्रंथालये बांधण्यासाठी ५२ लाख डॉलर देऊ केले. पण अट घातली की जागा शहराने द्यावी आणि कायमचा चालू खर्चही शहरानेच करावा. इतर गावांना देणगी देतानाही त्याची सर्वसाधारण अट अशी असे की गावाने देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी ग्रंथालयावर खर्च करावी. ज्या गावाला हे वचन देववत नसे, त्याला पैसे मिळत नसत. एकाने एकदा द्यायचे आणि सर्वांनी दरवर्षी द्यायचे, असा तो करार होता.

आपल्या देशात तत्कालीन मद्रास राज्याने १९४८ च्या कायद्याने घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसवला. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला, परंतु उपकर बसवला नाही. लोकांनी संस्था काढावी, नोंदवावी, चालवावी आणि सरकारने अ, ब, क, ड अशी वर्गवारी करून अनुदान द्यावे, ही आपली पद्धत. तिचा गुण असा की खेड्यापाड्यांतून हजारो ग्रंथालये लोकांच्या हौसेने निघाली. तिचा दोष असा की अनुदान अपुरे पडते, सेवकांचे वेतन तुटपुंजे राहते आणि जेथे स्थानिक लोकांचा हात आखडतो तेथे ग्रंथालय नावापुरते उरते. सरकारी अनुदान हे लोकांच्या दानाला दिलेली जोड आहे. दान आटले की जोड कशाला द्यायची?

अलीकडचा काळही हेच सांगतो. राजाबाई टॉवर आणि विद्यापीठ ग्रंथालय यांचा जीर्णोद्धार टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या सुमारे ४ कोटी २० लाख रुपयांच्या देणगीतून झाला आणि २०१५ मध्ये वास्तू पुन्हा खुली झाली. त्याच वर्षी पेटिट इन्स्टिट्यूटच्या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. डेव्हिड ससून लायब्ररीचा जीर्णोद्धारही देणगीदारांच्या साहाय्याने २०२३ मध्ये पुरा झाला. दानाची परंपरा जिवंत आहे, याबद्दल आनंदच मानला पाहिजे. तथापि हे दानही पुन्हा दगडांनाच मिळाले. शेल्फावरच्या नव्या पुस्तकासाठी आणि ते काढून देणाऱ्या माणसासाठी थैली सोडणारे आजही विरळाच.

आपण काय करावे?

पालक बंधु-भगिनींनो, आपल्या समाजात देण्याची वृत्ती नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. रमजानमध्ये आपल्या वस्त्यांतून किती रक्कम हातांवेगळी होते, हे आपण जाणतो. जकात तिच्या ठरलेल्या हक्कदारांची. ती ग्रंथालयाकडे वळवण्याचा विचार उलेमांना विचारल्यावाचून करू नये. परंतु लिल्लाह आणि सदका यांतून ग्रंथालयाला देण्यास कोणाची हरकत आहे?

साधा हिशेब मांडून पाहा. एखाद्या सद्गृहस्थाने एक लाख रुपये कायम ठेवीत दिले आणि दर साल दर शेकडा सहा व्याज मिळाले, तर वर्षाला सहा हजार येतात. त्यात पुस्तकांचे एखादे कपाटही धड भरत नाही. उलट पाचशे कुटुंबांनी महिन्याला केवळ वीस रुपये दिले, तर महिन्याला दहा हजार आणि वर्षाला एक लाख वीस हजार जमतात. आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच. शिवाय पाचशे घरांना वाटू लागते की हे ग्रंथालय आपले आहे. जो महिन्याला वीस रुपये देतो तो एक दिवस विचारतो की संध्याकाळी सहालाच कुलूप का लागते, मुलींना बसायला वेगळी जागा का नाही, स्पर्धा परीक्षेची पुस्तके तीन वर्षे जुनी का? असे विचारणारे पाचशे लोक म्हणजे कोणत्याही ग्रंथालयाची खरी दौलत.

यात विश्वस्तांवरही जबाबदारी येते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला हिशेब ठेवावे आणि तपासून घ्यावे लागतातच. त्यापुढे जाऊन ग्रंथालय निधीचे खाते वेगळे ठेवावे, तो पैसा रंगकामाला अथवा संमेलनाला वापरू नये आणि वर्षाअखेर किती पुस्तके घेतली, किती मुलांनी किती वेळा नेली, हे सूचनाफलकावर लावावे. घरची मोडीत निघालेली पुस्तके ग्रंथालयात टाकणे म्हणजे दान नव्हे, हेही नम्रपणे सांगावेसे वाटते. देणाऱ्याने पावती मागावी, घेणाऱ्याने ती आनंदाने द्यावी. विश्वासाने दान वाढते आणि विश्वास हिशेबाने वाढतो.

विद्यार्थ्यांनी काय करावे? तुमच्याजवळ पैसा नाही, पण १८४७ च्या त्या कारागिरांजवळ तरी कोठे होता? आठवड्यातून दोन तास ग्रंथालयाला द्या. फाटलेल्या पुस्तकांची बांधणी करा, उर्दू आणि मराठी पुस्तकांच्या याद्या तयार करा, धाकट्या मुलांना गोष्टी वाचून दाखवा. आणि सर्वांत मोठे काम म्हणजे पुस्तके घरी न्या व वेळेवर परत आणा. ज्या ग्रंथालयात वाचक येत नाही, त्याला कोणताही दाता वाचवू शकत नाही.

पहिल्या वहीचा आरंभ वाचण्याच्या आज्ञेने झाला, हे आपण प्रत्येक शैक्षणिक समारंभात ऐकतो. ती आज्ञा पाळायची तर वाचायला काहीतरी हाताशी असावे लागते आणि ते कोणीतरी आणून ठेवावे लागते. मुंबईत ते काम कधी बगदादच्या यहुद्याने केले, कधी सुरतेकडून आलेल्या जैनाने, कधी पारशाने, कधी मराठी कारकुनांनी आणि कधी आपल्या वडीलधाऱ्यांनी केले. त्यांनी बांधलेल्या जिन्यांवरून आपण वर आलो. आता या महिन्याची वर्गणी भरण्याची पाळी आपली आहे.